शंकासुराच्या दुकानातले दोन डबे

माझ्या डोक्यावर मोजून सतरा केस आहेत आणि तरीही गेली बावीस वर्षं मी रोज दुपारी सलूनमध्ये जाऊन बसतो. बायको विचारते, तुमचं तिथे काम काय? काम काहीच नाही. ज्याचं काम असतं तो खुर्चीत बसतो, मान खाली घालतो आणि वीस मिनिटांत उठून जातो. बिनकामाचा बाकावर बसतो आणि सगळं ऐकतो. मी विजेचे मीटर वाचणारा माणूस. घराघरांत शिरून आकडे टिपायचे, आणि आकड्यांबरोबर जे दिसेल तेही टिपायचं, अशी खोड लागलेली. दुपारी दोनला मोकळा झालो की टिपलेलं ओकायला एक जागा लागते. ती जागा म्हणजे शंकासुराचं दुकान.

शंकासूर हे अर्थात त्याच्या आईने ठेवलेलं नाव नव्हे. गल्लीने ठेवलं. घर माझ्या घराला लागून, पुढच्या खोलीत दुकान, प्लास्टिकच्या पडद्यामागे संसार. संसार म्हणजे तो आणि त्याची आई. लग्न झालं नाही. एकदा मुलगी बघायला गेला होता. मुलीच्या वडिलांनी सांगितलं, “आमच्याकडे देवाच्या कृपेने सगळं ठीक आहे.” याने विचारलं, “आणि शेजाऱ्यांकडे ठीक नाही ते कोणाच्या कृपेने?” झालं. चहाही न पिता परत आला.

दुकानात दोन खुर्च्या, एक तडकलेला आरसा, तुरटीचा खडा, पाण्याचा फवारा, आणि मालकाची जीभ. जीभ कात्रीपेक्षा धारदार. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवला की याला धर्मचर्चेची उबळ यायची. “मला सांगा, देवाला सगळं माहीत असतं, तर प्रार्थनेत स्वतःचं नाव-पत्ता का सांगता? पाप धुतलं जातं म्हणता, मग ते मळलेलं पाणी जातं कुठे? त्याला सगळे सारखेच, तर प्रार्थना हॉलमध्ये पुढच्या रांगेतल्या गाद्यांच्या खुर्च्या कोणाला?” खुर्चीतला माणूस “हो, हो, बरोबर आहे” म्हणायचा. गळ्यावर पातं असताना माणूस फार लवकर पटवून घेतो.

पण कोणी दुकान बदललं नाही. हात चांगला होता. शिवाय लोकांना मनातून गंमत वाटायची. आपण विचारायला घाबरतो ते कोणीतरी परस्पर विचारतंय, आणि नरकात गेला तर तो एकटाच जाणार.

एकच माणूस त्याला बधायचा नाही. त्याची आई. म्हातारी दर रविवारी सकाळी गल्लीच्या टोकाच्या प्रार्थना हॉलमध्ये जायची. तिथे एक बाबा होते. कुठून आले कोणाला ठाऊक नाही, पण दाढी भरघोस, आवाज मऊ, आणि भोवती सेवकांचा घोळका. म्हातारीला शंकासूर म्हणायचा, “आई, तो बाबा शिंकतो, खोकतो, त्याला कोंडा होतो. मी स्वतः झटकलाय.”

“होऊ दे कोंडा. तुझ्या डोक्यात भुसा आहे त्यापेक्षा बरा.”

हो, बाबांचे केस हाच कापायचा. लोकांना हे सांगितलं तर हसतात, पण त्यात हसण्यासारखं काय? एका रविवाराआड हॉलच्या मागच्या खोलीत याला बोलावणं यायचं. तो म्हणायचा, “डोकं कोणाचंही असो, कात्रीला धर्म नसतो.” अट एकच. केस जमिनीवर पडता कामा नये. पांढरी चादर पसरायची, एकूणएक केस बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात भरायचा, दुकानात नेऊन त्यातली पावडर आणि कापूस वेगळा काढायचा, सारखे तुकडे करायचे, आणि सोमवारी मुख्य सेवक येऊन डबा घेऊन जायचा. त्या केसांच्या पुड्या व्हायच्या. दुखत असेल त्या जागी केस ठेवून फडकं बांधायचं. सात रविवार, सात पुड्या.

हे ऐकून तुम्हाला मळमळलं असेल तर जरा थांबा. अजून जेवायला बराच अवकाश आहे.

दुकानात दुसराही एक डबा होता. बिस्किटांचाच, त्याच मापाचा, त्याच पोचे आलेल्या झाकणाचा. त्यात दिवसभराची झाडलोट भरायची. दर सोमवारी कचरागाडीवाला तो रिकामा करून न्यायचा. बाबांचा डबा उजव्या फळीवर, झाडलोटीचा डाव्या. एका सोमवारी शंकासुराचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. दोघेही एकाच वेळी दारात उभे राहिले, याने अंदाजाने दोन डबे दोघांच्या हातात दिले, आणि बाबांच्या पवित्र केसांची रवानगी कचरागाडीत झाली.

संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा पिठासारखा झाला. दिवसभर देवाला जाब विचारणारा माणूस, पण दुसऱ्याच्या वस्तूची अफरातफर त्याला खपायची नाही. “मी आत्ता जाऊन सांगतो,” म्हणाला आणि चप्पल घालायला लागला.

आणि मी, या सतरा केसांच्या मालकाने, त्याचा हात धरला. “थांब रे. बघू तरी काय होतं. आयता प्रयोग हाताशी आलाय. बावीस वर्षं प्रश्न विचारतोयस, आता उत्तर बघ.”

सुचलेलं माझं. हे लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तुम्ही सगळा दोष त्याला द्याल.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये आनंदीआनंद, बायकोच तिथून येऊन सांगत होती. या वेळी केस भरपूर, प्रत्येकाला पुडी मिळाली. कोणाची पाठ दुखायची राहिली, कोणाचा कान उघडला. पुड्यांत काळे, पांढरे, कुरळे, रंगवलेले, सगळ्या तऱ्हेचे केस निघाले. त्यावर मुख्य सेवकाने मोठ्या आवाजात खुलासा केला, “बाबा एका वयात नाहीत. ते सर्व वयांत आहेत.” लोकांच्या डोळ्यांत पाणी. आणि पुढच्या खेपेला हाच सेवक शंकासुराला हळूच म्हणाला, “गेल्या वेळी दिलेत तेवढेच देत जा. बाबांचे केस हल्ली भरभर वाढतात.”

म्हणजे त्याला कळलं होतं. एका माणसाच्या डोक्यावरून मूठभर केस निघतात, डबाभर नाही, हे कळायला काही मोठी अक्कल लागत नाही. आम्ही दोघे त्या दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून पोट धरधरून हसलो. त्यानंतर सात महिने दर पंधरवड्याला झाडलोटीचा डबा हॉलमध्ये जात राहिला. पुडी घेऊन जाणारा दिसला की मी बाकावरून शंकासुराला विचारायचो, “काय रे, यात कोण असेल? मटणवाला की ड्रायव्हिंग शिकवणारा मास्तर?” मास्तर केसांना तांबडा रंग लावायचा, तो लांबूनही ओळखू यायचा. “मटणवाला असणार,” तो म्हणायचा, “वास बघा.” आणि पुन्हा हसणं. पडद्यामागे म्हातारी खाटेवर बसून आमचं हसणं ऐकत असायची. तिला वाटायचं, पोरं नेहमीप्रमाणे देवाची टिंगल करताहेत.

मग वास यायला लागला.

आधी माझ्या बायकोला आला. तिचं नाक म्हणजे पोलिसी कुत्रं. “अहो, शेजारी उंदीर मेलाय. जाऊन सांगा.” मी सांगितलं. शंकासुराला काही जाणवत नव्हतं; बारा तास पावडर, साबण आणि केसांच्या तेलात बुडालेलं नाक. तरी आम्ही दोघांनी मागच्या खोलीतलं कपाट सरकवलं, पेट्या ओढल्या, पोटमाळ्यावर चढलो. म्हातारी खाटेवर पायावर चादर ओढून बसली होती आणि सूचना देत होती.

“कपाटामागे बघा. तिथेच असेल मेला.”

“नाही आई, कपाटामागे काही नाही.”

“मग मोरीत बघा.”

मोरीतही नव्हता. मी वळलो आणि पाहिलं, चादरीच्या एकाच कोपऱ्यावर माश्या बसल्या होत्या. उडत होत्या, पुन्हा तिथेच येऊन बसत होत्या. मी शंकासुराकडे पाहिलं. त्याने आईकडे पाहिलं. म्हातारीने चादर मुठीत घट्ट धरली.

“आई, पाय दाखव.”

“काही झालेलं नाही.”

“पाय दाखव म्हणतो ना.”

त्याने चादर ओढली. पायात जाड लोकरी मोजा. मोजा निघेना, चिकटला होता. कोमट पाण्याने भिजवून भिजवून काढला. त्यानंतर जे दिसलं ते मी सभ्य माणसाला सांगू नये, पण सभ्य माणूस माझं लिहिलेलं वाचतो कशाला? शेवटची दोन बोटं काळीनिळी पडलेली, खाली तळव्याला रुपयाएवढं भोक, आणि त्या भोकात केस. आडवेतिडवे रुतलेले, पिवळ्या पुवात लगदा झालेले. मोरी तुंबली की जाळीतून आपण जे काढतो आणि लांब धरून फेकतो ना, तेच. माणसाच्या पायात.

म्हातारीला साखरेचा आजार. तळव्याला जाणीव कमी. चपलेचा खिळा कधी रुतला तिला कळलंही नव्हतं. कळलं तेव्हा लेकाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने दवाखान्यात नेलं असतं आणि वर चार प्रश्न विचारले असते. तिने हॉलमधून पुड्या आणल्या. पाच रविवार झाले होते.

शंकासूर गुडघ्यांवर बसला होता. त्याने चिमट्याने एक केस उचलला आणि दिव्याकडे धरला. तांबडा. तीस वर्षं तो लोकांची डोकी हाताळतोय. कोणाचा केस कुठला, हे तो चेहऱ्यापेक्षा आधी ओळखतो. मला वाटलं ओकेल. तो नाही ओकला. मोरीत जाऊन मी ओकलो.

“चल आई. दवाखान्यात.”

“सात रविवार पुरे होऊ देत. दोनच राहिलेत.”

“दोन रविवारांत पाय राहणार नाही.”

“तुला काय ठाऊक?”

“मला दिसतंय! तुला वास येत नाही का?”

“येतो. घाण बाहेर पडते तेव्हा वास येणारच. सेवक म्हणाला. देवाच्या माणसाला त्याची किळस येत नाही, असंही म्हणाला.” म्हातारी शांत होती. “तू एवढी वर्षं शंका काढतोयस. एकीचं तरी उत्तर मिळालं का? उलट रात्रभर कूस बदलत असतोस. मला निदान झोप लागते.”

शंकासूर बोलत राहिला. जंतू, रक्त, साखर, डॉक्टर. बाबांचा स्वतःचा दात दुखला तेव्हा ते दातांच्या डॉक्टरकडे गेले होते ते. सगळं बरोबर आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. म्हातारीने मोजा पुन्हा हातात घेतला.

मी दारात उभा होतो. मी म्हणालो, “सांग तिला.”

“काय सांगू?”

“डब्याचं.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की बावीस वर्षांची मैत्री त्या नजरेत जळून गेली असती तरी मला नवल वाटलं नसतं. सांगायचं म्हणजे काय, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. आईचा पाय कशाने सडवला, तर लेकाच्या विनोदाने.

तो उठला. दुकानातून डाव्या फळीवरचा डबा घेऊन आला, खाटेवर ठेवला, झाकण उघडलं.

“आई, बाबांचे केस सात महिन्यांपूर्वी कचऱ्यात गेले. चुकून गेले. त्यानंतर मी हे देत आलो. मुद्दाम.” त्याने डब्यात बोटं घातली. “हा तांबडा मास्तराचा. हा जाड, तेलकट, मटणवाल्याचा. ही दाढी आहे, कोपऱ्यावरच्या त्या दारुड्याची. त्याच्या हनुवटीला खरूज आहे, मी त्याचा वस्तरा वेगळा ठेवतो. तुझ्या पायात हे आहे. बाबा नाही. हे.”

म्हातारीने डब्यात पाहिलं. मग पायाकडे पाहिलं. पुन्हा डब्यात. मी तिच्या चेहऱ्यावर रागाची वाट पाहत होतो. राग आलाच नाही. ओठ आत ओढले गेले आणि ती पाय अंगापासून लांब धरायला लागली, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता आणि तिच्या अंथरुणात आला होता.

“काढ,” ती म्हणाली. “काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ. शी, शी, शी. रिक्षा बोलाव.”

एवढी वर्षं युक्तिवादाने जे झालं नाही ते किळसेने दीड मिनिटात केलं. शंकासुराने त्याचा विजय वगैरे मानला नाही. तो आईला पाठीवर घेऊन बाहेर पडला.

दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर घोट्यापासून कापावं लागलं असतं. शिकाऊ डॉक्टरीणबाईने जखमेतून काढलेले केस एका वाटीत ठेवून आम्हाला दाखवले आणि विचारलं, “हे काय आहे?”

रविवारी शंकासूर तो डबा काखेत मारून हॉलमध्ये गेला. मी मागे. भरल्या हॉलमध्ये उभा राहून त्याने सगळं सांगितलं. चूक, लबाडी, आईचा पाय. “मला काय म्हणायचं ते म्हणा,” तो म्हणाला, “पण ज्यांनी ज्यांनी त्या पुड्या कुठे बांधल्यात त्यांनी आज सोडा आणि डॉक्टरला दाखवा. आणि घरी जाऊन एकदा स्वतःला विचारा, तुम्हाला गुण आला तो कशाने आला?”

बायकांच्या बाजूला माझी बायको बसली होती. तिचा रंग उडाला. ती उठून माझ्यापाशी आली आणि कानात म्हणाली, “अहो, मी रोज सकाळी पुडीतला एक केस तुमच्या चहात बुडवून काढत होते.”

“कशासाठी? टकलासाठी?”

“नाही हो. तुमची जीभ ताळ्यावर यावी म्हणून.”

सात महिने. मटणवाला, मास्तर, दारुडा. सगळ्यांना मी सकाळी सकाळी गरमागरम पिऊन आलो होतो आणि दुपारी बाकावर बसून त्यांच्यावर हसलो होतो. खाजवून खरूज काढायची म्हणतात ती अशी.

मला वाटलं होतं, लोक शंकासुराला तरी बडवतील किंवा सेवकाला तरी. मुख्य सेवक सावकाश उठला. हात जोडले. “या बांधवाने कबुली दिली, फार चांगलं केलं. पण श्रद्धा असेल तर केस कोणाचाही चालतो. गुण केसात नसतोच. नाहीतर एवढ्यांना तो आला असता का?”

आणि माना डोलल्या. शपथेवर सांगतो, ओळीच्या ओळी डोलल्या. एक बाई तर पुढे येऊन शंकासुराला म्हणाली, “डबा आणलाच आहेस तर चिमूटभर दे. माझा गुडघा अजून पूर्ण दुखायचा राहिला नाही.”

शंकासुराने डबा छातीशी धरला आणि तो बाहेर पडला. गल्लीच्या तोंडाला कचराकुंडीत डबा झाकणासकट फेकला. पुढे कित्येक दिवस दुकानात फक्त कात्रीचा आवाज. गिऱ्हाइकं अवघडून बसायची. एकाने तर स्वतःहून विचारलं, “आज देवाबद्दल काही नाही का?” तो म्हणाला, “मान खाली करा.”

म्हातारी पंधरा दिवसांनी घरी आली. आल्यावर तिने खाट पडद्याबाहेर, दुकानात घ्यायला लावली. पाय स्टुलावर, पट्टी बांधलेला. लेकाशी ती कामापुरतं बोलायची. पाणी दे, उशी सरकव. तो रोज सकाळी पट्टी बदलायचा. हात स्वच्छ धुऊन, वस्तऱ्याने काम करावं तसा श्वास धरून. ती छताकडे बघत राहायची.

त्यातच एके दिवशी मुख्य सेवक आला. चेहऱ्यावर मलई. हातात नवी पुडी. “आजी, बाबांनी खास तुमच्यासाठी पाठवली. ही मात्र त्यांचीच. डोळ्यांदेखत कापलेली.”

शंकासूर कात्री थांबवून उभा राहिला. मी बाकाच्या टोकावर सरकलो. म्हातारीने पुडी घेतली, उघडली, बंद केली आणि पुन्हा सेवकाच्या हातात ठेवली.

“तूच लाव,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“श्रद्धा असली तर चालतं म्हणतोस ना? माझी जरा कमी झालीय. तुझी चिकार आहे. ही पट्टी सोड, आणि तुझ्या हाताने ठेव बघू आत.”

तिने पाय पुढे केला. सेवक वाकला, हे मान्य केलं पाहिजे. पट्टीचा एक वेढा त्याने सोडला. दुसरा सोडताना वास वर आला. जखम भरत होती, पण भरणारी जखमही काही अत्तर नसते. त्याचं नाक मुरडलं आणि बाही तोंडाशी गेली.

“मी... मला जरा घाई आहे, आजी. नंतर येतो.”

“किळस आली होय?” म्हातारी म्हणाली. “येऊ दे. मलाही आली होती. पण मग देवाच्या माणसाला येत नाही असं का सांगत होतास रे? रविवारी येऊन विचारीन सगळ्यांसमोर. काठीने चालता आलं की येते.”

तो पुडी तिथेच टाकून गेला. शंकासुराने ती उचलली, नुसती बघितली आणि झाडलोटीत लोटली. झाडलोट आता डब्यात जात नाही, कागदी पिशवीत जाते आणि पिशवीचं तोंड शिवलेलं असतं.

मी हसणार होतो. सवय. तोंड उघडलंही होतं.

“टकल्या,” म्हातारी माझ्याकडे वळली, “तुला काय एवढं गोड वाटतंय? ते तसराळं घे आणि बस इथे. अर्धी सुटलीच आहे पट्टी, तर आज तू धुवायचीस. पडद्याआड बसून सगळं हसणं ऐकलंय मी. पुडीत कोण, मटणवाला की मास्तर? हा तुझाच आवाज होता ना?”

शंकासुराने मला कोमट पाण्याचा तांब्या दिला. त्याच्या चेहऱ्यावर मला वाचवण्याची जराही इच्छा नव्हती.

मी खाली बसलो. पट्टीचा शेवटचा थर उचलला. दोन बोटांच्या जागी दोन गुलाबी गाठी, टाक्यांचे काळे ठिपके, आणि तो वास. मी नाक दाबलं.

“नाक सोड,” म्हातारी म्हणाली.

मी नाक सोडलं आणि पाणी ओतायला लागलो.